सहा ट्रॅकचा अभंग: कॉम्प्रेसर कुठे लावायचा आणि कुठे नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी एक अभंग रेकॉर्ड केलाय. गायन, पेटी, तबल्याला एक आणि डग्ग्याला एक असे दोन माइक, टाळ, आणि मोबाइल ॲपवरचा तानपुरा. एकूण सहा ट्रॅक. सहाही ट्रॅकवर ४:१ रेशोचा कॉम्प्रेसर (मोठा आवाज आपोआप दाबणारं साधन) लावलाय, मास्टरवर, म्हणजे सगळ्यांच्या एकत्र आवाजावर, आणखी एक. तरी गायकाचे शब्द मध्येच बुडतात, तबला पुठ्ठ्याच्या खोक्यावर वाजवल्यासारखा वाटतो आणि सगळं गाणं दबल्यासारखं ऐकू येतं. मग इतक्या कमी ट्रॅकच्या गाण्याला कॉम्प्रेशन लागतं का, आणि लागत असेल तर आकडे काय ठेवायचे?

आकडे देतो. पण तुम्ही एक प्रश्न विचारलाय आणि त्यात तीन वेगवेगळ्या तक्रारी आहेत, त्या आधी सुट्या करू. शब्द बुडतात ही पातळीची तक्रार आहे. तिचं मोठं काम कॉम्प्रेसरचं नाहीच. तबल्याचा खोका झाला ही अटॅकची, म्हणजे कॉम्प्रेसर किती वेळात दाबायला लागतो त्याची, तक्रार आहे. आणि 'दबलेलं' वाटतं ते सात कॉम्प्रेसरांनी मिळून केलेलं काम आहे, त्यात मास्टरवरच्या कॉम्प्रेसरचा वाटा मोठा. तिन्हींची कारणं वेगळी, म्हणून सगळीकडे एकच सेटिंग चिकटवून तिन्ही सुटणार नाहीत.

सिनेमाच्या गाण्यात साठ-सत्तर ट्रॅक असतात. तिथे प्रत्येक वाद्याला आपल्या अरुंद पट्टीत उभं राहावं लागतं, थोडं हललं की शेजारच्याखाली गाडलं जातं. त्या गर्दीसाठी कॉम्प्रेशन मुक्तहस्ताने वापरतात, आणि इंटरनेटवर मिळणारे बहुतेक आकडे त्याच गर्दीतून आलेले असतात. तुमच्या अभंगात गर्दी नाही. गायकाचा श्वास, पेटीच्या भात्याची ये-जा, थापेनंतर विरत जाणारी आस, सगळं उघड्यावर आहे. तसंच कॉम्प्रेसरचं स्वतःचं काम करणंही उघड्यावर येतं. साठ ट्रॅकमध्ये ६ डेसिबलचं गेन रिडक्शन, म्हणजे तेवढं दाबणं, पचून जातं. सहा ट्रॅकमध्ये ते नवख्या कानालाही खुपतं, फक्त काय खुपतंय ते त्याला सांगता येत नाही.

एक गोष्ट मला तुमच्या प्रश्नावरून कळलेली नाही, आणि तिच्यावर बरंच अवलंबून आहे: सगळे एकाच खोलीत बसून एकत्र वाजवत होते, की एकेक ट्रॅक वेगळा केला? टाळ आणि दोन माइकवरचा तबला बघता मी एकत्र रेकॉर्डिंग धरून चालतोय. वेगळं केलं असेल तर एकाच्या माइकमध्ये झिरपलेल्या दुसऱ्याच्या आवाजाबद्दल पुढे जे लिहिलंय ते सोडून द्या, बाकीचं लागू आहे.

आता गायन. ज्या पातळीपासून कॉम्प्रेसर दाबायला लागतो ती थ्रेशोल्ड. ४:१ म्हणजे थ्रेशोल्डच्या वर ४ डेसिबल गेलेला आवाज १ डेसिबलच वर जाईल. समजा मुखडा मध्य सप्तकात, मीटरवर सरासरी -२४ च्या आसपास. अंतऱ्यात गायक तार षड्जाला जातो आणि तिथे मीटर -१२ दाखवतो. फरक १२ डेसिबलचा. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये एवढा फरक अगदी नेहमीचा आहे. तुम्ही थ्रेशोल्ड -२४ ला ठेवून ४:१ लावला, तर अंतऱ्यात कॉम्प्रेसर ९ डेसिबल दाबून धरणार, आणि तेही अंतरा संपेपर्यंत सतत. गायक जिवाच्या आकांताने वर गेलाय आणि ऐकणाऱ्याला तो उशी तोंडावर धरून गातोय असं वाटतं. बरं, एवढं करून मुखड्यातले बुडणारे शब्द तसेच राहिले, कारण ते थ्रेशोल्डच्या खालीच होते.

म्हणून हे काम आधी हाताने करा. गायनाचा ट्रॅक ओळीओळीने कापा आणि प्रत्येक तुकड्याचा गेन, म्हणजे तो किती वर-खाली करायचा ते, स्वतः ठरवा. अंतऱ्याच्या वरच्या ओळी ५ डेसिबल खाली घ्या. मग ओळींचे शेवट बघा. मराठी गाण्यात ओळीचा शेवट पडतो. गायक श्वासाच्या टोकाला आलेला असतो, शेवटचं अक्षर बहुतेक वेळा हलकं, आणि त्याच क्षणी तबलजी समेची तयारी करत असतो. तुमचे बुडणारे शब्द मोजून बघा, दहातले सात ओळीच्या शेवटीच सापडतील असा माझा अंदाज आहे. ते शेवट २-३ डेसिबल वर उचला. तुकड्यांच्या जोडावर छोटा क्रॉसफेड (एक तुकडा विरताना दुसरा चढवणं) द्या, नाहीतर टिक ऐकू येईल. पाच मिनिटांच्या अभंगाला या कामात मला दीड-दोन तास जातात. ते कंटाळवाणं आहे हे मान्य. पण गायनाच्या मिक्सचा मोठा भाग मी इथेच पुरा करतो, आणि प्लगइन त्यानंतर उघडतो.

हे सगळं करून मुखडा -२४, अंतरा -१७ असा राहील. आता कॉम्प्रेसर लावा: थ्रेशोल्ड -२२, रेशो २.५:१. अंतरा थ्रेशोल्डच्या ५ डेसिबल वर जातो, तो २ डेसिबल वर राहील, म्हणजे दाबणं ३ डेसिबलचं. मुखडा आणि अंतरा यांत शेवटी ४ डेसिबलचा फरक उरतो. तो उरायलाच हवा. अंतरा चढला हे कानाला कळलं पाहिजे, फक्त त्या चढण्यात ऐकणाऱ्याला आवाज कमी करायला उठावं लागू नये.

१९२५ च्या सुमारास विजेवर चालणारे माइक येण्याआधी गायक कर्ण्यात तोंड घालून गात. वरच्या स्वराला ते स्वतः मागे सरकत, खर्जाला पुढे येत. तीही पातळी सांभाळण्याचीच पद्धत, फक्त शरीराने केलेली. पुढच्या रेकॉर्डिंगला तुमच्या गायकाला हे नक्की सांगा. तार सप्तकात मान थोडी मागे घेतली, माइकपासूनचं वीतभर अंतर दीड वीत झालं, की साडेतीन डेसिबल तिथेच वाचतात. आणि स्वराचा ताजेपणा जराही जात नाही.

गायनावर अटॅक किती? मी १५ ते २५ मिलिसेकंदांत राहतो, आणि त्याचं कारण आपल्या भाषेत आहे. 'विठ्ठल' हा शब्द घ्या. ठ्ठ म्हणताना जीभ हवा अडवते, क्षणभर शांतता होते, मग हवा फुटून बाहेर येते. ख, ठ, भ, ध या महाप्राणांचा जोर त्या फुटण्यात असतो आणि तो काही मिलिसेकंदांत संपतो. अटॅक १-२ मिलिसेकंदांवर ठेवलात तर कॉम्प्रेसर नेमका तोच जोर खातो. शब्द ऐकू येतो, पण उच्चार बोथट होतो. मग आपण 'शब्द स्पष्ट नाहीत' म्हणून वरची फ्रिक्वेन्सी वाढवत बसतो, आणि त्रास भलतीकडेच सुरू होतो.

रिलीज, म्हणजे दाबलेलं सोडायला लागणारा वेळ, १०० ते २०० मिलिसेकंदांपासून सुरू करा आणि गेन रिडक्शनच्या मीटरकडे बघा. ओळ संपून, श्वास घेऊन पुढची ओळ सुरू व्हायच्या आत सुई शून्यावर आली पाहिजे. त्याहून पटकन परत आली तर श्वासच शब्दाएवढा मोठा ऐकू येईल. उशिरा आली तर पुढच्या ओळीचं पहिलं अक्षर दबलेलं निघेल.

३ डेसिबलने काम भागलं नाही आणि ५-६ लागणार असतील, तर एकाच कॉम्प्रेसरवर सगळा भार टाकू नका. दोन लावा, दोघांना थोडं थोडं काम द्या. पहिला जलद, फक्त निसटलेल्या उंच टोकांसाठी. दुसरा संथ, एकूण ओळ सांभाळणारा. जुन्या यंत्रांमध्ये ही जोडी ११७६ आणि एलए-२ए अशी लावत आलेत आणि दोघांच्याही नकला आज प्लगइनमध्ये मिळतात. टेलिट्रॉनिक्सच्या एलए-२ए मध्ये आवाजाच्या जोराने एक छोटा दिवा उजळतो आणि त्या उजेडाने प्रकाशाला जागणारा रेझिस्टर आवाज खाली ओढतो. अटॅक साधारण १० मिलिसेकंद. सोडताना अर्धं दाबणं ६० मिलिसेकंदांत सुटतं आणि उरलेलं अर्धं सावकाश, कधी काही सेकंद घेत. गायनावर ते इतकं नैसर्गिक वाटतं ते या दोन टप्प्यांमुळे. पैसे खर्च करायची गरज मात्र नाही. रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर त्यातला रीकॉम्प हा कॉम्प्रेसर पुरेसा आहे. क्लांगहेल्मचा डीसी१ए फुकट मिळतो, तोही चांगला.

एक धोका सांगून ठेवतो. कॉम्प्रेसर आवाजाच्या जोरावर चालतो, आणि स, श, च, छ यांच्यात दिसायला जोर कमी असतो. ते थ्रेशोल्डखाली राहतात, बाकीचा स्वर दाबला जातो, मग मेकअप गेनने (दाबल्यावर कमी झालेली पातळी परत चढवणं) सगळं वर आलं की 'स' कानात टोचायला लागतो. आपला 'चमचा'तला दंत्य च तर फारच. डी-एसर (फक्त अशी टोचणारी अक्षरं दाबणारं साधन) कॉम्प्रेसरच्या नंतर लावा, ५ ते ८ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात शोधा, आणि टोचणाऱ्या अक्षरांना ३-४ डेसिबलच लागू द्या. जास्त झालं की गायक बोबडा होतो. कॉम्प्रेसरच्या आधी मात्र ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाका. 'प' आणि 'भ' ची माइकवर आदळणारी हवा त्या भागात असते. कानाला ती फारशी जाणवत नाही, पण कॉम्प्रेसर तिच्यावर उसळतो आणि त्या शब्दाला विनाकारण खाली ढकलतो.

आता झिरपलेल्या आवाजाकडे येतो. कमी ट्रॅकच्या, एकत्र केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

गायकाच्या माइकमध्ये गायक एकटा नसतो. तबला असतो, पेटी असते, टाळ तर असतोच असतो. तुम्ही गायन ६ डेसिबल दाबलंत आणि मेकअप गेनने ६ डेसिबल परत वर आणलंत, तर गायक गात असताना सगळं ठीक वाटेल. तो थांबला की कॉम्प्रेसर मोकळा होतो, पण मेकअप गेन तसाच राहतो. म्हणजे त्या माइकमधला तबला आणि टाळ ६ डेसिबलने मोठा होऊन समोर येतो. तोही तबल्याच्या माइकमधला जवळचा, घट्ट तबला नाही. चार-पाच फुटांवरून आलेला, खोलीचा. गायक पुन्हा गायला लागला की तो मागे जातो. ऐकणाऱ्याला वाटतं की तबलजी दर ओळीला उठून खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसतोय. तुमचा तबला 'खोका' वाटण्यात याचाही हात असू शकतो. तपासायची सोपी रीत: गायनाचा ट्रॅक पूर्ण बंद करून तबला ऐका. तो एकदम सुधारला, तर दोष गायनाच्या कॉम्प्रेसरमध्ये आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी एका भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग मी केलं होतं. मे महिना होता, मंडळी घामाघूम, म्हणून छताचा एक पंखा हळू फिरत ठेवला. रेकॉर्डिंग ऐकताना पंखा जाणवतही नव्हता. मिक्समध्ये गायनावर ८ डेसिबल कॉम्प्रेशन लावलं आणि प्रत्येक दोन ओळींच्या मधे पंख्याची घरघर वर यायला लागली, श्वास घेतल्यासारखी. चार दिवस मी ती काढायच्या मागे होतो. शेवटी कॉम्प्रेसर काढला, ओळी हाताने वरखाली केल्या, आणि पंखा पुन्हा जिथल्या तिथे गेला. तेव्हापासून एकत्र रेकॉर्डिंग असेल तर गायनावर एकूण ३-४ डेसिबलच्या वर मी जात नाही. हाताने गेन बदलतानाही झिरपलेला आवाज वर येतो हे खरं, पण ओळीच्या आतच येतो, जिथे गायक त्याला झाकून टाकतो. मधल्या रिकाम्या जागा तुम्ही खालीच ठेवता. त्या पूर्ण बंद मात्र करू नका, ६ ते १० डेसिबल खाली घ्या. एकदम शांत केल्या तर खोली चालू-बंद होते आणि ते आणखी वाईट.

तबला-डग्गा. तुमचा तबला खोक्यासारखा का झाला ते आता सांगता येईल. 'ना' किंवा 'ता' वाजतो तेव्हा बोट चाटेवर, म्हणजे पुडीच्या कडेवर, पडतं त्या पहिल्या दहा-वीस मिलिसेकंदांत आघात असतो, त्यानंतर पुडीचा स्वर झंकारत राहतो. अटॅक जलद असेल तर आघात चिरडला जातो. मग मेकअप गेनने उरलेलं वर येतं: लाकडाच्या खोडाची पोकळी, खोलीच्या भिंती. आघात गेला, पोकळी राहिली, म्हणजे खोका.

तबल्यावर अटॅक २५-३० मिलिसेकंद ठेवा, रेशो २:१ किंवा ३:१, दाबणं २ डेसिबल, फार तर ३. आणि इथे एक गोष्ट तपासा. तुम्ही ११७६ ची नक्कल तबल्यावर लावली असेल, तर तिचा सगळ्यात संथ अटॅकसुद्धा ८०० मायक्रोसेकंद आहे, म्हणजे एक मिलिसेकंदही नाही. त्यातून आघात निसटून जाणं शक्यच नाही. शिवाय त्या यंत्राची बटणं उलटी चालतात, उजवीकडे फिरवलं की अटॅक जलद होतो. कित्येक जण संथ करायला म्हणून उजवीकडे फिरवतात आणि आघात पुरता मारून टाकतात. तबल्यासाठी मिलिसेकंदांचे आकडे स्पष्ट दाखवणारा साधा कॉम्प्रेसर घ्या.

डग्ग्याची गोष्ट वेगळी. 'घे' वाजवून मनगट सरकवलं की जी मींड येते, ती डग्ग्याचा जीव आहे. तिचा स्वर खर्जातला. १०० हर्ट्झच्या स्वराची एक लाट पुरी व्हायला १० मिलिसेकंद लागतात. तुमचा रिलीज १०-२० मिलिसेकंद असेल, तर कॉम्प्रेसर थापेऐवजी प्रत्येक लाटेमागे धावायला लागतो आणि घुमाऱ्यात खरखर मिसळते. छोट्या स्पीकरवर ती कळत नाही, हेडफोनवर लगेच कळते. म्हणून डग्ग्यावर रिलीज १५० मिलिसेकंदांच्या खाली नेऊ नका. वरची मर्यादा लय ठरवते. लय मिनिटाला ८० मात्रांची असेल तर एक मात्रा ७५० मिलिसेकंदांची. अर्ध्या मात्रेच्या आत, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास, कॉम्प्रेसर मोकळा झालेला बरा, नाहीतर पुढची थाप आधीच दबलेली निघते. शेवटी लग्गी लागते तिथे लय दुप्पट होते, तो भाग वेगळ्या ट्रॅकवर काढून त्याला कॉम्प्रेसर लावूच नका. लग्गीचे बोल मुळातच एकसारख्या जोराचे असतात.

मी केलेलं एक मिक्स एका तबलजींना ऐकवलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "माझा डग्गा बोलत का नाही?" मी मीटरवर सगळं नीट दाखवू शकत होतो. पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं: हलका 'घे' आणि भारी 'घे' मी एका उंचीचे करून ठेवले होते. तबलजी हलकं-भारी ठरवून वाजवतो. ठेक्याची भरी-खाली त्यातूनच कळते. खालीच्या मात्रांना डग्गा मुका होतो, आणि ती मुकी जागाच ऐकणाऱ्याला ताल दाखवते. तबल्यावर कॉम्प्रेसर लावल्यावर डोळे मिटून एक आवर्तन मोजा. खाली कुठे आली हे मोजल्याशिवाय कळत नसेल, तर कॉम्प्रेशन जास्त झालंय.

टाळाला तुम्ही कॉम्प्रेसर लावलात तिथे मी लिमिटर लावीन, म्हणजे ठरलेल्या पातळीच्या वर काहीच जाऊ न देणारं साधन. टाळाचं टोक मीटरवर प्रचंड दिसतं आणि कानाला तेवढं मोठं लागत नाही, कारण ते एक-दोन मिलिसेकंदांत संपतं. जलद लिमिटरने त्याची टोकं ३-४ डेसिबल छाटली तर कानाला फरक कळत नाही, पण मास्टरवर तेवढी जागा मोकळी होते आणि तिथला कॉम्प्रेसर दर टाळाला दचकायचं थांबवतो. तुमचं गाणं दबल्यासारखं वाटतं त्यामागे हे असण्याची शक्यता मोठी आहे. टाळ वाजला की मास्टरचा कॉम्प्रेसर गायक, पेटी, सगळ्यांना खाली ओढतोय.

पेटीला कॉम्प्रेसर नको. भाता चालू आहे तोवर पेटीचा स्वर बऱ्यापैकी एका पातळीत राहतो, दाबण्यासारखं तिथे फार काही नसतं. उलट पट्ट्यांची खटखट आणि भात्याचा फुसकारा वर येतो. पेटी गायकाला झाकत असेल, तर गायक गातो तेव्हा तिला ऑटोमेशनने (ठरवून दिलेल्या जागी सॉफ्टवेअरने आपोआप केलेला बदल) दीड-दोन डेसिबल खाली घ्या आणि दोन ओळींमधल्या जागेत परत वर आणा. पेटीवाला मुळात हेच करत असतो, साथीत हात हलका आणि भरणीत मोकळा. तानपुऱ्याला काहीही लावू नका. ॲपमधला तर आधीच सपाट असतो.

कामाचा क्रम एकदा सांगतो, मग मास्टरकडे जाऊ. सगळे कॉम्प्रेसर काढा. फक्त फेडरवर तोल साधा. मग गायन ओळीओळीने हाताने. मग टाळाची टोकं. त्यानंतर गायनावर हलका कॉम्प्रेसर, आणि शेवटी, लागलाच तर, तबला-डग्ग्यावर.

प्रत्येक वेळी कॉम्प्रेसर चालू-बंद करून बघताना दोन्हींची पातळी समान करा. माणसाच्या कानाला अर्धा-एक डेसिबल मोठं असलेलं लगेच 'चांगलं' वाटतं. त्यात खर्ज आणि वरची पट्टी जास्त भरून येते म्हणून. कॉम्प्रेसरमधला ऑटो मेकअप बंद ठेवा आणि मेकअप हाताने लावा, डोळे मिटून कुठला चालू आणि कुठला बंद हे पातळीवरून ओळखता येणार नाही इतका जुळवून. मग कळतं की अर्ध्या जागी तो बंदच बरा होता.

आणि अटॅक-रिलीज कानाला कळत नसतील, तर मी शिकाऊ मुलांना जे करायला सांगतो ते करा. रेशो १०:१ करा, थ्रेशोल्ड इतका खाली न्या की १५ डेसिबल दाबलं जाईल. गाणं भयानक वाटेल, पण आता अटॅक फिरवलात की शब्दाचं तोंड उघडताना आणि बंद होताना स्पष्ट ऐकू येईल. रिलीज फिरवलात की आवाज लयीत परत येतोय की लयीला आडवा जातोय ते कळेल. दोन्ही जागा सापडल्या की रेशो २.५ वर आणा आणि थ्रेशोल्ड वर न्या, दाबणं ३ डेसिबल होईपर्यंत. आठवडाभर रोज दहा मिनिटं हे केलंत तर माझ्या आकड्यांची तुम्हाला गरज उरणार नाही.

मास्टरवर तुमच्या गाण्याला कॉम्प्रेसर नसला तरी चालेल. ठेवायचाच असेल तर रेशो १.५:१, अटॅक ३० मिलिसेकंद, रिलीज ३०० च्या आसपास, दाबणं १ डेसिबल, क्वचित दीड. आणि कॉम्प्रेसरला काय ऐकू जातं त्या डिटेक्टरवर हायपास फिल्टर लावून १२० हर्ट्झच्या खालचं वगळा. रीकॉम्पमध्ये तो फिल्टर आहे. नाहीतर डग्ग्याच्या प्रत्येक थापेला सगळं गाणं डोकं खाली घालेल. गाणं मोठं वाजावं म्हणून मास्टरवर दाबत असाल, तर त्याचा उपयोग नाही. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला गाणी -१४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी मोठेपणाचं माप) पातळीवर आणून वाजवतं, यूट्यूबही मोठ्या आवाजाची गाणी खाली घेतं. तुम्ही -८ पर्यंत दाबून चढवलंत तर ते ६ डेसिबल खाली आणतील, आणि दबलेपणा तेवढा तसाच राहील. सहा ट्रॅकचा अभंग -१६ च्या आसपास निवांत बसतो. टोकं -१ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, एमपी३ होताना ती आणखी वर सरकतात.

मिक्स झालं की आवाज अगदी लहान करा, फोनवर लावा आणि शेजारच्या खोलीत जाऊन उभे राहा. तिथून प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर ऐकू येतंय का ते बघा. जे येत नाही ते अक्षर लिहून घ्या आणि परत येऊन फक्त तेवढा तुकडा उचला, कॉम्प्रेसरला हात न लावता.

राहिला शेवटचा गजर. तिथे सगळेच जोरात येतात, टाळ दुप्पट होतात, आणि मास्टरचा कॉम्प्रेसर नेमका तिथे सगळ्यात जास्त दाबतो. चढत गेलेला अभंग शेवटच्या अर्ध्या मिनिटात लहान होतो. तुमच्या मिक्समध्येही मीटर बघा, गजराला सुई कुठवर जाते. मी गजर सुरू होण्याआधीच्या दोन आवर्तनांत सगळं एक डेसिबलने हळूहळू खाली आणतो, इतकं हळू की कोणाला कळू नये. मग गजराच्या पहिल्या समेला मूळ पातळीवर परत येतो, आणि मास्टरवरचा कॉम्प्रेसर त्या अर्ध्या मिनिटापुरता ऑटोमेशनने बंद करतो.